दाताखालची पेरणी

देवमन अंभोरेच्या वरच्या ओळीतले समोरचे दोन दात म्हणजे अख्ख्या मेडशीचं धान्य तपासायचं यंत्र होतं. सोयाबीन असो, तूर असो की हरभरा, कुणाचंही पीक वाळलं की नाही ते देवमननेच सांगायचं. एक दाणा उचलायचा, समोरच्या दातांखाली धरायचा, कट् असा आवाज काढायचा आणि डोळे मिटून निकाल द्यायचा. "अजून एक ऊन दाखव." नाहीतर, "भर पोत्यात!" धान्याचे व्यापारी रहीमचाचा यांच्या दुकानात ओलावा मोजायचं खरंखुरं मशीन होतं. पण मशीनवर आकडा आला तरी चाचा आधी देवमनच्या तोंडाकडे बघायचे.

आणि एक दिवस दाण्याऐवजी दातच हलला.

हरभरा जसाच्या तसा! देवमनने दाणा हातावर घेऊन रागाने पाहिला. "हा हरभराच खराब हाय," तो म्हणाला आणि दुसरा दाणा घेतला. पुन्हा दातच हलला. तिसऱ्या दाण्याला हिरडीतून रक्त आलं, तेव्हा त्याची बायको भागिरथा म्हणाली, "आवो, हरभरे कायले बदलून राह्यले? तोंड दाखवा डॉक्टरले!"

वाशिमच्या डॉक्टर नमरा यांनी फोटो काढला आणि तो उजेडात धरला. हिरड्यांच्या आजाराने दातांभोवतालचं हाड आतून झिजून गेलं होतं. आधी दात साफ झाले, औषधं झाली, तंबाखूची डबी भागिरथाने चुलीत घातली आणि मे महिन्यात ऑपरेशन ठरलं. सोबत मुलगी धम्मदीपा गेली. नुकतीच दहावीत गेलेली, शाळेच्या स्नेहसंमेलनात पहिल्यांदाच माईक हातात घेतलेली, आणि तेव्हापासून तो माईक मनातल्या मनात खाली न ठेवलेली!

"काका, हिरडी उघडून आत हाडाचे बारीक दाणे भरलेत," ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी सांगितलं. "वर पातळ पडदा टाकून टाके घातलेत. त्या दाण्यांच्या आधाराने तुमचं स्वतःचं हाड हळूहळू भरून येईल. सहा-आठ महिने लागतील."

देवमनचा गाल फुगला होता आणि चेहऱ्यावर काहीच कळल्याचं चिन्ह नव्हतं. म्हणून डॉक्टरांनी सोपं करून सांगितलं. "असं समजा, शेतात पेरणी केली. वरून माती झाकली. आता उकरायचं नाही. ओठ उचलून बघायचं नाही, जीभ लावायची नाही, त्या दातांनी काही चावायचं नाही. पेरणी उकरली गेली तर दोन्ही दात हातचे जातील."

सगळं बरोबर सांगितलं, पण डॉक्टर इथेच चुकल्या. मेडशीत पेरणी म्हटली की उकरणं आलंच! पेरल्यावर चौथ्या दिवशी माणूस शेतात जातो, उकिडवा बसतो, बोटाने माती बाजूला करतो, एक दाणा काढून कोंब बघतो, पुन्हा झाकतो आणि मगच त्याला घास गोड लागतो. न उकरता गप्प बसलेला शेतकरी मेडशीने अजून पाहिलेला नाही.

धम्मदीपाने घरी येताच पहारा सुरू केला. भिंतीवरचा आरसा धान्याच्या कोठीमागे गेला. मोटरसायकलच्या आरशावर शाळेचा मोजा चढला. तरी दुसऱ्या दिवशी देवमन स्टीलचं ताट तोंडासमोर धरून बसलेला सापडला.

"बाबा! ताटात काय पाहून राह्यले?"

देवमनने बंद ओठांनी उत्तर दिलं, "खरकटं हाय का पाहतो."

"रिकाम्या ताटात?"

मग ताटही गेलं. त्याला ताक मिळायचं वाटीत आणि थंड खिचडी मिळायची धम्मदीपाच्या देखरेखीखाली. उरलेला दिवस तो ओसरीवर बसून अंगणाकडे बघायचा. अंगणात ताडपत्रीवर उन्हाळी तीळ वाळत घातला होता. तीळ वाळला की नाही, हे यंदा देवमनला कुणी विचारत नव्हतं. त्याला ते ऑपरेशनपेक्षा जास्त दुखत होतं.

खरी पंचाईत भेटायला येणाऱ्यांची होती. ऑपरेशन झालेल्या माणसाला भेटायला जायचं आणि टाके न पाहता परत यायचं, हा आमच्याकडे त्या माणसाचा अपमान समजतात. पोटाचे टाके असोत की पायाचे, "दाखव बरं" म्हणावंच लागतं. धम्मदीपा दारातच सांगायची, "टाके बंद हायेत. सोमवारनंतर या." लोक बिस्किटाचा पुडा ठेवून हिरमुसून परत जायचे.

शुक्रवारी संध्याकाळी ती दळण आणायला गिरणीवर गेली आणि नेमके रहीमचाचा आले. सोबत शेजारचा रूपला.

"चवथा दिवस ना आज?" चाचा म्हणाले. "उगवण पाह्यली का?"

देवमनने मान हलवली. नाही.

"कमाल करतं यार! चवथा दिवस हाय आन तू पाह्यलं नाई?"

"डॉक्टर नाई म्हणते," देवमन पुटपुटला. पण आवाजात काही जोर नव्हता.

"आपल्याले उकराचं थोडीच हाय? वरच्यावर पाहू. रूपला, लाव मोबाईलची बत्ती!"

रूपलाने बत्ती लावली. चाचांनी ओठ उचलला. दोन डोकी एका तोंडात शिरायला बघत होती.

"धागे दिसून राह्यले."

"कोंब?"

"थांब ना बे, उजेड सरकवू नको!"

तेवढ्यात टाक्याच्या धाग्याजवळून काहीतरी सुटलं आणि चाचांच्या तळहातावर पडलं. बारीक, पांढरा, एक दाणा.

 दळणाचा डबा घेऊन धम्मदीपा दारात उभी राहिली, तेव्हा तिला दिसलं ते असं: रूपलाच्या हातात बत्ती, चाचांच्या हातात दाणा आणि बाबांच्या डोळ्यांत पाणी.

"उकरलं?" ती ओरडली.

"वरच्यावर," चाचा अगदी बारीक आवाजात म्हणाले.

भागिरथा आतून आली, दाणा पाहिला आणि पदर कमरेला खोचला. तेव्हा सगळ्यांनाच जास्त भीती वाटली. धम्मदीपाने दवाखान्यात फोन लावला. डॉक्टर लग्नाला कारंज्याला गेल्या होत्या. तिथल्या ताई म्हणाल्या, "रक्त येत नसेल तर तोंडाला अजिबात हात लावू नका. सोमवारी सकाळी या."

"आन दाणा?"

"कोणता दाणा?" ताईंनी विचारलं आणि रेंज गेली.

आता दाणा सोमवारपर्यंत टिकवायचा कसा? रूपला म्हणाला मिठात ठेवा. भागिरथा म्हणाली दुधात. पण चाचांनी आयुष्यभर बियाण्याची उगवण ओल्या फडक्यात तपासली होती. "जिवंत चीज हाय," ते म्हणाले. "वाळली का मेली. ओलीत ठेवा लागते." त्यांनी दाणा भिजवलेल्या गोणपाटात गुंडाळला, पाण्याच्या माठाजवळ ठेवला आणि शनिवारी, रविवारी न चुकता येऊन त्यावर पाणी शिंपडलं. पापच फेडत होते म्हणा ना!

देवमनने तर तोंडच मिटून घेतलं. ताकसुद्धा ओठाच्या कोपऱ्यातून. रविवारी दुपारी तो धम्मदीपाला जवळ बोलावून हळूच म्हणाला, "धम्मे, कवळीनं दाणा कट् वाजन काय वं?"

माईक न सोडणाऱ्या धम्मदीपाने उठून त्याच्या वाटीत आणखी थोडं ताक ओतलं.

सोमवारी चाचांच्या जीपमधून सगळे वाशिमला पोचले. चाचांनी गोणपाट दोन्ही हातांनी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवलं. डॉक्टरांनी घडी उलगडली. वाकून पाहिलं. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"हे काय आहे?"

"हाड," चार जण एकदम म्हणाले.

"या हाडाला कोंब फुटलाय."

"शंभर टक्के उगवण!" चाचांच्या तोंडून निघूनच गेलं.

भागिरथाने मान पुढे केली. ज्या बाईने आयुष्यभर खुरपणी केली, तिला कोंब ओळखायला कितीसा वेळ लागणार? "हा तं आपला तीळ हाय!" ती म्हणाली आणि सावकाश नवऱ्याकडे वळली. "अंगणातला."

देवमन छतावरच्या पंख्याकडे बघू लागला.

"तीळ खाल्ला तुमी?"

"खाल्ला नाई. वाळला का नाई ते पाहा लागत नाई का? चिमूटभर. जिभेवरच ठेवला होता."

"मंग टाक्याले कसा अडकला?"

"दातायले सवय हाय ना," देवमन म्हणाला. "मले इचारत नाई थे."

डॉक्टरांनी हसू आवरलं आणि छोटा आरसा उचलला. "आ करा, काका. बघू द्या."

देवमनने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "उकरू नका!"

"अहो, मला चालतं!"

"चवथा दिवस होऊन गेला, मॅडम. आता कायले?"

शेवटी धम्मदीपाने एक हात धरला, भागिरथाने दुसरा. डॉक्टरांनी अलगद ओठ उचलला. बराच वेळ पाहिलं. 

"टाके जागेवर आहेत," डॉक्टर म्हणाल्या. "हिरडी छान गुलाबी दिसतेय. आतला एकही दाणा हललेला नाही. नशीबवान आहात."

भागिरथाने पदराने डोळे टिपले आणि त्याच पदराने नवऱ्याच्या दंडावर एक फटका मारला. रहीमचाचांच्या छातीवरचं तर पोतंच उतरलं. ते खदाखदा हसू लागले, तोंड पूर्ण उघडून, मान मागे टाकून.

डॉक्टरांचा आरसा हवेतच थांबला.

"चाचा, तुमचे खालचे दात कधीपासून हलतायत?"

चाचांचं तोंड खटकन मिटलं. "मेरे? नाई नाई. माये तं लहानपणापासून असेच हायेत."

"बसा खुर्चीवर."

चाचा बसले. तीन दिवस तोंड न उघडलेला देवमन तरतरीतपणे उठला, चाचांच्या खिशातला मोबाईल काढला आणि बत्ती लावली. "भेऊ नको रहीम. वरच्यावर पाहतो."

धम्मदीपाने शांतपणे बाबांच्या हातून मोबाईल घेतला, बत्ती बंद केली आणि ते ओलं गोणपाट घडी घालून चाचांच्या मांडीवर ठेवलं.

"जपून ठेवा, चाचा," ती म्हणाली. "आता तुमची पेरणी हाय."