रंगूबाईची बेसलाइन

रिठदच्या शालिग्रामभाऊंचं ठाम मत होतं, की जगातल्या टेनिसचं वाटोळं टॉवेलनं केलं.

"एक चेंडू मारला का पुसलं तोंड! कायले लागते एवढा टॉवेल?" ते टीव्हीसमोर बसून मोठमोठ्या खेळाडूंना झापायचे. "अन् मागं काहून उभा राह्यला बे? जाळीपाशी जाय!" खेळाडूंना वऱ्हाडी येत नव्हती, म्हणून त्यांची सुधारणा अडली होती.

हे सगळं ऐकणारी एकच होती, मुलगी निकिता. ती घरच्या खळ्यात, जुन्या लुगड्यांची जाळी बांधून खेळत मोठी झाली. फटका सणसणीत, पण सर्व्हिस करताना पाय हमखास रेघेवर पडायचा आणि सर्व्हिस बाद व्हायची. गेल्या वर्षीची निवड त्या पायानंच घालवली. यंदा नागपूरच्या मंजुषा मॅडम येणार होत्या. एकेकाळी त्या परदेशात व्यावसायिक टेनिस खेळलेल्या. त्यांना आपल्या अकादमीसाठी एकच मुलगी घ्यायची होती आणि दावेदार दोघी, निकिता आणि धनजची वर्षाराणी. वाशिमच्या मैदानावर ऐनवेळी लग्नाचा मांडव पडला, तेव्हा शालिग्रामभाऊंनी छाती फुगवून आपलं खळं देऊ केलं.

नागपूरचे पाहुणे येणार म्हटल्यावर त्यांची बायको रंगूबाई स्वस्थ कशी बसेल? तिनं पहाटेच उठून अख्खं कोर्ट शेणानं सारवून काढलं. चुन्याच्या सगळ्या रेघा गडप!

"अवं, काय केलं हे तू!" शालिग्रामभाऊ किंचाळले.

"पाव्हण्याईले का धुयीत बसवता?"

दहापर्यंत उन्हानं जमीन खडखडीत वाळली, पण चुना काही शिल्लक नव्हता. शेवटी मॅडमनी टेप धरली आणि रंगूबाईनं रांगोळीनं रेघा ओढल्या. हात सुरू झाला तो थांबेना. नुसती रेघ तिला भुंडी वाटली. जाळीच्या दोन्ही बाजूंना तिनं ऐसपैस कमळं काढली आणि कोपऱ्यात हळदीकुंकू भरलं.

"काकू, पुरे आता!" मॅडम हसत म्हणाल्या.

खेळ सुरू झाला आणि रंगूबाईचा आवाजही. "पोरीओ, रांगोयीवर पाय पडला तं पाह्यजा!"

आता या घरात रांगोळीवर पाय पडला की पाठीत धपाटा, हे निकिताला रांगायला लागल्यापासून ठाऊक होतं. सर्व्हिसला तिचा पाय रेघेपासून वीतभर मागं थांबू लागला. एकदा नाही, दरवेळी! पण वर्षाराणीही हटेना. पाच-पाच. मग निकिता सहा-पाचनं पुढं आणि जिंकायला एकच गुण बाकी. मळणीयंत्रावर चढून बसलेलं अर्धं रिठद श्वास रोखून निकिताच्या पायाकडे बघत होतं.

तिनं चेंडू उडवला. पाय जागच्या जागी! चेंडू सणाणत गेला. वर्षाराणीनं तो कसाबसा जाळीपलीकडे ढकलला आणि तो नेमका कमळाकडे आला.

"पुढं जाय, पोरी!" शालिग्रामभाऊ गरजले.

"कमय तुडवू नोको!" रंगूबाई त्याहून मोठ्यानं गरजली.

निकितानं दोघांचंही ऐकलं. धावत आली, कमळावरून हरणासारखी उडी मारली आणि चेंडू हवेतच मारून टाकला. गेम, सेट, निवड! खळ्यात नुसता जल्लोष! निकितानं आईच्या गळ्यात पडून रडून घेतलं.

मॅडम बराच वेळ वाकून रेघ न्याहाळत होत्या. एक पाकळीही पुसली नव्हती. "रेघेवर पाय टाकायची खोड मोठमोठ्या खेळाडूंचीही जात नाही," त्या शालिग्रामभाऊंना म्हणाल्या. "तुमच्या घरातलं एक माणूस महिनाभर अकादमीत पाठवाल?"

भाऊंना हे अपेक्षितच होतं. ते आत धावले, इस्त्रीचा सदरा चढवला, पिशवी भरली आणि बाहेर येऊन ऐटीत उभे राहिले.

"चाला, मॅडम! पयले तं त्याईचे टॉवेल बंद करू."

"अहो, तुम्ही नाही," मॅडम संकोचून म्हणाल्या. "काकू."

रंगूबाईनं पदर सावरला. "येतो नं. पण नागपुरात शेण भेटते का?"

शालिग्रामभाऊंनी पिशवीतला टॉवेल काढला आणि तोंड पुसलं. मग पुन्हा एकदा पुसलं.