डोळे मिटून पाहणारे डोमाजी

संध्याकाळी हवा खायला निघालेला माणूस डोळे उघडे ठेवून चार गोष्टी पाहतो. आमचे डोमाजी मात्र डोळे बांधून बसायचे.

घरून निघताना त्यांचे डोळे उघडेच असत. हातात काठी, खांद्यावर दुपट्टा, चाल अगदी ऐटबाज. एखादी जागा मनात भरली की ते दुपट्टा काढायचे, डोळ्यांवरून घट्ट फिरवून मागे गाठ मारायचे आणि तिथंच मांडी ठोकायचे. बराच वेळ हूं नाही की चूं नाही. मग दुपट्टा सोडून निकाल द्यायचे. त्यांच्या लेखी जगातल्या सगळ्या जागा तीन जातींच्या होत्या : मुकी, बडबडी आणि बोलकी. मुक्या आणि बडबड्या त्यांना रोज सापडत. बोलकी काही सापडत नव्हती.

"डोरे मिटून पाहा, बाबू," ते मला म्हणायचे. "उघड्या डोऱ्यानं कोनतीबी जागा चांगलीच दिसते."

हा इंग्रजांच्या राज्यातला, दुसऱ्या महायुद्धाच्या बऱ्याच आधीचा काळ. गोंदिया म्हणजे तेव्हा स्टेशन, तांदळाच्या मिली आणि त्यांच्या मधे मिळेल तिथं वसलेली घरं. मी एका सेठजींच्या मिलमध्ये कारकून होतो. डोमाजी तांदळाचे जुने दलाल. पोत्यात हात घालायचा, चिमूट दोन बोटांत चोळायची आणि भलतीकडे बघत भाव सांगायचा, अशी त्यांची ख्याती. आता धंदा जावयाच्या हाती देऊन ते मोकळे झाले होते. गावाने समजूत करून घेतली होती, की पोत्यात हात घालायची सवय सुटली, म्हणून म्हाताऱ्याने हे नवीन खूळ काढलं. गाव त्यांना 'हवा-इन्स्पेक्टर' म्हणे आणि ते तो मान गंभीरपणे स्वीकारत.

त्या वेळी गोंदियाची हवा खायची मुख्य जागा म्हणजे स्टेशनचा फलाट. खोटं नाही सांगत. कलकत्त्याकडची मेल यायच्या वेळी धुतलेलं धोतर नेसून, पान लावून अर्धं गाव तिथं हजर. कोणाला जायचं नसायचं की कोणी यायचं नसायचं. गाडी यायची, खिडक्यांतले परके चेहरे आपण पाहायचे, आपल्याला त्यांनी पाहायचं. गाडी गेली की "चला, हवा बरी होती" म्हणून घरी. नाकात कोळसा, कानात शिट्टी, आणि म्हणे हवा! पण माणूस तोंडाने हवा म्हणतो आणि पायाने माणसांकडेच जातो, हे मी तेव्हा शिकलो.

डोमाजीही एकदा फलाटाची परीक्षा घ्यायला गेले. बाकावर बसून त्यांनी डोळे बांधले. मेल आली. एका डब्यातून उतरलेल्या कोणा भल्या बाईने हा बिचारा आंधळा म्हणून त्यांच्या मांडीवर दोन केळी ठेवली आणि हात जोडून ती निघून गेली. आम्ही पोट धरून हसलो. मला वाटलं, डोमाजीही हसतील. त्यांनी दुपट्टा सोडला, केळ्यांकडे पाहिलं आणि ती शेजारच्या हमालाला देऊन टाकली.

"बडबडी ना, डोमाजी?" मी विचारलं.

"नाही. या जागेचं नाव काढू नको," ते म्हणाले आणि तडक घरी गेले. त्यानंतर त्यांनी फलाटावर पाय ठेवला नाही.

मग गावाबाहेर कुडव्याला जाणाऱ्या रस्त्याची परीक्षा झाली. तिथे शेतं होती, झाडं होती, पण खासरांची, म्हणजे आमच्याकडच्या बैलगाड्यांची, रीघ. डोळे बांधून बसले, ते उठले तेव्हा भुवयांपासून मिशांपर्यंत धुळीच्या एकाच रंगाचे होते. "डोरे मिटले का नुसती धूरच उरते," असा निकाल लागला. एका तलावाच्या काठावर बसले, तर धोब्याच्या आपटण्याने बिचकून उठले. मारवाड्याच्या धर्मशाळेचा ओटा मुका निघाला. एवढं मोठं गाव, पण बसायला एक जागा नाही, असं ते इतक्या कळकळीने म्हणायचे, की जणू कोणाला शब्द देऊन बसलेत.

याच सुमारास आमच्या सेठजींच्या मनात बगीचा आला.

रेल्वेची भर घालायला कधीकाळी माती काढली होती, तो एक भला थोरला खड्डा मिलीमागे होता. वर्षानुवर्षं त्यात इंजिनांची राख पडली, मिलीतल्या जळलेल्या कोंड्याची राख पडली आणि खड्ड्याचं मैदान झालं. लोक त्याला 'राखड' म्हणत. सेठजींनी आणखी चार मिलवाल्यांना धरून बगीचा मंडळ काढलं. मी सेठजींचा कारकून, म्हणून आपोआप बगीच्याचाही कारकून. राखेवर मुरूम टाकला, मेंदी लावली आणि बाक बसवायचं काम एका ठेकेदाराला दिलं. त्याने आयुष्यभर फलाटावरच बाक बसवले होते. त्याने इथेही सगळे बेंच एका ओळीत, एका दिशेला तोंड करून ठोकले. समोर काय? मिलची भिंत!

उद्घाटनाला पानसुपारी झाली, अत्तर झालं, सगळे ओळीने बसले. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं, की एकेक जण मान वाकडी करून डावीकडे बघतो आहे. गाडी येणार असल्यासारखं! येणार कुठून? तासाभरात सगळं मंडळ उठून खऱ्या फलाटावर गेलं. पुढे बगीच्यात फक्त शेळ्या येत. मेंदी त्यांनीच संपवली.

आणि डोमाजी येत. एके दिवशी ते डोळे बांधून बसले असताना मिलीतल्या मजुरांची पोरं तिथं आंधळी कोशिंबीर खेळायला आली. डोळे बांधलेला माणूस आयताच मिळालेला! पोरं टपल्या मारून पळू लागली. डोमाजी आधी भडकले, मग उठले आणि हात पसरून चक्क त्यांच्यामागे धावले. धावता धावता ते बेंचांच्या ओळीपलीकडे, थेट राखड संपते त्या टोकाला गेले आणि एका झाडाच्या बुंध्याला जाऊन भिडले. पोरं टाळ्या पिटत होती. डोमाजी मात्र बुंध्याला हात लावून तसेच उभे राहिले.

मी धावत गेलो. मला वाटलं, लागलं.

"चूप," ते म्हणाले. "बोलून राहिली."

"कोण?"

"जागा, बाबू! जागा बोलून राहिली."

खड्ड्याच्या जुन्या काठावर एक करंज उरला होता. त्याच्या पलीकडे कोणाची तरी धानाची बांधी, म्हणजे भाताचं शेत. बस, एवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी डोमाजी सेठजींच्या गादीसमोर उभे. एक बेंच उचलून त्या करंजाखाली लावा, तोंड बांधीकडे करा. एवढंच मागणं.

सेठजी हिशेबी माणूस. "डोमाजी, एक आदमी के लिए बेंच हटाऊँ? कल दूसरा आदमी बोलेगा, मेरे घर के सामने लगाओ. पब्लिक का बगीचा है. कम से कम एक दूसरा आदमी तो लाओ, जो वहाँ बैठना चाहता हो."

मला वाटलं, डोमाजी आता तासभर भांडतील. ते एकदम खाली बसले.

"दुसरं मानूस आहे जी," ते हळूच म्हणाले. "पन येईन का नाही, ते मले सांगता येत नाही."

पुढचे काही दिवस डोमाजी दिसले नाहीत. सेठजींनी तो विषय टाकून दिला. मला चैन पडेना. म्हणून एका दुपारी मी त्यांच्या घरी गेलो. इतक्या वर्षांत मी त्यांच्या ओट्यापलीकडे गेलो नव्हतो. दारातूनच आत त्यांचा आवाज आला.

"एक डाव चाल, गंगाची माय. पसंत नाही पडली तं वापस येऊ."

"कायले नेता जी मले?" बाईचा आवाज होता. "पाहाची जागा पाहनाऱ्याले. मी तेथ जाऊन का करू?"

भिंतीला हात लावत एक बाई दारापर्यंत आली. कपाळावर ठसठशीत कुंकू, लुगडं स्वच्छ, डोळे उघडे. पण नजर माझ्या बाजूने कुठे तरी दूर. डोमाजींनी माझ्याकडे पाहिलं आणि चोरी पकडली गेल्यासारखे ओशाळले.

या डोमाजींच्या बायको, आमच्या काकू. त्यांची नजर हळूहळू गेली होती. ती गेल्यावर डोमाजींनी एकदा त्यांना सगळं गाव जातं म्हणून फलाटावर नेलं होतं. ते पाणी आणायला वळले, तेवढ्यात गर्दीत कोणी तरी काकूंच्या हातात भीक ठेवून गेलं. अंगावर धुवट लुगडं, हातात बांगड्या, पण देणाऱ्याच्या उघड्या डोळ्यांना एक आंधळी भिकारीणच दिसली. त्या दिवसापासून काकूंनी उंबरा ओलांडला नव्हता. हे डोमाजींनी मला ओट्यावर, आवाज दाबून सांगितलं. ती दोन केळी मला आठवली आणि माझं हसणंही आठवलं. खरं सांगतो, त्या वेळी मला फार वाईट वाटलं.

विचार न करताच मी आत पाहून म्हणालो, "काकू, तुम्हाला फिरायला न्यायचं नाही. सेठजींनी अट घातली आहे. दुसरं माणूस आलं तरच बेंच हलेल, नाही तर डोमाजींची जागा गेली."

काकूंनी माझ्या आवाजाकडे तोंड वळवलं. "म्हंजे माह्यासाठी नाही? बेंचासाठी?"

"बेंचासाठी."

"मंग तसं काऊन नाही सांगतलं जी?" त्या नवऱ्यावर डाफरल्या. "लगित घोळ घालते हा मानूस. काढा खासर."

आश्विनातली संध्याकाळ होती. खासर राखडीवरून धडधडत करंजाशी आली. मी निरोप दिला होता, म्हणून सेठजी छत्री टेकून आधीच उभे होते. काकूंना पाहून त्यांनी मागे सरून वाट करून दिली. डोमाजींनी काकूंचा हात धरून बुंध्यावर ठेवला आणि स्वतः बाजूला झाले. एवढ्या जागांना निकाल देणारा माणूस आज स्वतः निकालाची वाट बघत होता.

काकू बुंधा चाचपत होत्या. बांधीवरून वारा आला. त्यांनी मान वर केली.

"धान निसवला का जी?" त्यांनी विचारलं.

आम्ही सगळ्यांनी तेव्हा कुठे बांधीकडे पाहिलं. कणसं नुकतीच बाहेर पडली होती.

"निसवला," डोमाजी म्हणाले.

"सुगंध येऊन राहिला. माह्या माहेरी असाच यायचा." त्यांनी पायाने जमीन चाचपली. "येथ बसाले का हाय?"

सेठजींनी मागे वळून मिलीच्या दिशेने असा आवाज दिला, की चार हमाल धावत आले. "बेंच उखाड़ो! यहीं लगेगी. अभी!"

बेंच आला. काकू एका टोकाला बसल्या, पदर सारखा केला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून ऐकू लागल्या. दूर छोट्या लाईनीची गाडी बालाघाटाकडे निघाली होती. मी आणि सेठजी निघायच्या बेतात होतो. डोमाजी काकूंच्या शेजारी बसले. खांद्यावरचा दुपट्टा काढून त्यांनी डोळ्यांवरून फिरवला, मागे गाठ मारली.

"सांग आता, गंगाची माय," ते म्हणाले. "समोर का का हाय?"

आणि काकू सांगू लागल्या.