पान उलटायचं, एवढंच काम

पियानो शिक्षकांच्या परिषदेला निघताना मी नवऱ्याला ठणकावून सांगितलं, "स्टेजवर पाऊलसुद्धा ठेवणार नाही. शेवटच्या रांगेत बसेन, टाळ्या वाजवेन आणि घरी येईन. घाबरायचंय कशाला?"

"मी कुठे काय म्हटलं?" तो म्हणाला. "तूच सकाळपासून चौथ्यांदा सांगत्येस."

खरं सांगते, मला स्टेजची भीती वाटते. घरी पोरांसमोर मी वाघीण, पण चार लोकांसमोर वाजवायचं म्हटलं की बोटांची लाकडं होतात. हे मी आजवर कुणाला कळू दिलेलं नाही. कळलं तर क्लासला पोरं पाठवणार कोण?

तर बसले शेवटच्या रांगेत, अगदी दाराजवळ, पर्स मांडीवर घेऊन. प्रमुख पाहुणे एवढे मोठे पियानोवादक की ते खोकले तरी आमच्यातले काही जण माना डोलवत होते. ते वाजवायला बसणार, इतक्यात अध्यक्षबाई माइकवर आल्या. पाहुण्यांच्या नोटेशनची पानं उलटणाऱ्या बाईंची पाठ धरली होती म्हणे.

"त्या मागे बसल्यात ना, दाराजवळ, त्या ताईंनी यावं."

मी मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती.

"फक्त पान उलटायचं हो," अध्यक्षबाई म्हणाल्या. "एवढंच काम."

पाय कसे चालले देव जाणे. पाहुण्यांशेजारच्या खुर्चीच्या टोकावर टेकले. समोर भरलेलं सभागृह आणि पहिल्याच रांगेत आमच्या गल्लीत दुसरा क्लास चालवणाऱ्या बाई, मोबाइल उगारून. माझ्या तळहातांना असा घाम सुटला की पान बोटालाच चिकटून येणार, याची मला खात्री पटली.

पाहुणे वाजवू लागले. सुरेखच. पट्ट्यांवर त्यांच्या नखांची बारीक टकटक होत होती, तेवढी सोडली तर. पहिलं पान मी वेळेवर उलटलं. दुसरंही उलटलं. जरा धीर आला आणि तिथेच घात झाला. तिसऱ्या पानावर त्यांचा एक स्वर चुकला.

आता क्लासमध्ये पोर चुकलं की मी काय करते? ओरडत नाही, मारत नाही. "पुन्हा" म्हणते आणि पानं मागे उलटते, थेट पहिल्या ओळीवर. इतक्या वर्षांत हाताला विचारावंही लागत नाही. तो गेलाच! सर्रकन पानं मागे, पहिलं पान समोर.

"पुन्हा," मी म्हणाले. "सावकाश."

संपलं, मला वाटलं. क्लास, अब्रू, सगळं संपलं. हा माणूस आता उठून निघून जाणार.

पाहुण्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. पाठ ताठ केली आणि पहिल्यापासून वाजवायला सुरुवात केली. सावकाश.

याने तर माझी पाचावर धारण बसली. तिसरं पान पुन्हा येणार होतं आणि माझ्या हाताचा काही भरवसा उरला नव्हता. म्हणून दुसरं पान उलटल्याबरोबर मी तो मांडीखाली घट्ट दाबून बसले. स्वर बरोबर लागला. मी देवाचे आभार मानत राहिले आणि पान संपलं. मांडीखाली हाताला अशा मुंग्या आल्या होत्या की तो निघेना. पाहुणे बिचारे वाट पाहत शेवटची ओळ परतपरत वाजवू लागले. शेवटी दुसऱ्या हाताने मी ते पान कसंबसं ओढलं.

टाळ्या झाल्या. मी पडद्यामागे पळाले. पाहुणे माझ्या मागोमाग. मी भिंतीला पाठ लावून माफीचे शब्द जुळवू लागले. मग पाहिलं, तर त्यांच्याही कपाळावर घाम. हात मागे बांधून, स्वतःच्या बुटांकडे बघत ते हळूच म्हणाले,

"बाई, पुढच्या आठवड्यात नीट करून येतो."

माफी मागायची हीच वेळ होती. एका वाक्यात सगळं निस्तरलं असतं.

"ये," मी म्हणाले. "आणि येताना नखं कापून ये."