सदोबा कोल्ह्याच्या ठणठणीत कोंबड्या

एका जंगलात, मुलांनो, कोंबड्यांना आजारी पडायला बंदी होती. निदान सदोबा कोल्ह्याच्या पोल्ट्रीत तरी होती.

सदोबा रोज खाद्यात औषध कालवायचा. आजाऱ्याला द्यायचं औषध तो ठणठणीत कोंबड्यांना द्यायचा. त्यामुळे त्या भराभर वजन धरायच्या. त्याच्या चिकनच्या दुकानावर पाटी होती, ‘आमची कोंबडी औषधावर वाढलेली!’ गिऱ्हाइकांना ते फार पौष्टिक वाटायचं.

एकदा जंगलाच्या डॉक्टर, साळूबाई साळिंदर, पोल्ट्रीवर आल्या.

“सदोबा, हे बंद करा. रोज थोडं थोडं औषध खाऊन जंतू निर्ढावतात. मग खरं कुणी आजारी पडलं, की औषध लागू पडत नाही.”

सदोबा हसला. “बाई, जंतू एवढे हुशार असते, तर कोंबडीत राहिले असते का?”

एका रविवारी सदोबाने घरी कोंबडी कापली. मग त्याच सुरीने, त्याच पाटावर काकडी चिरली. रस्सा रटरटून उकळला. काकडी कोण उकळतं? त्याची लेक चिमा ती काकडी खाऊन उठली आणि दुसऱ्या दिवशी तापाने फणफणली.

साळूबाईंनी औषध दिलं. ताप हटेना. दुसरं दिलं. चिमा डोळे उघडेना.

“खाद्यात यातलं कुठलं घालता?” साळूबाईंनी विचारलं.

“सगळीच. क्वालिटीत तडजोड नाही,” सदोबा सवयीने बोलून गेला. मग त्याने चिमाकडे पाहिलं. “बाई, एकुलती एक पोर आहे हो माझी.”

साळूबाईंनी कपाटाच्या तळातून एक बाटली काढली. “आता एवढंच उरलंय. जीव वाचेल कदाचित. कान जाऊ शकतात.”

चिमा वाचली. उजव्या कानाने मात्र तिला ऐकू येईना. सदोबा तिच्या डाव्या बाजूला बसून ढसाढसा रडला. मग त्याने साळूबाईंचे पाय धरले.

“बाई, या औषधाचं नाव काय हो?”

“कशाला?”

“एवढं जालीम आहे. कोंबड्या काय झकास वाढतील!”

तात्पर्य : उत्तम औषध सापडलं, की ते आधी निरोगी मंडळींना द्यावं. आजाऱ्यांना नंतर त्याचा तसाही काही उपयोग होत नाही.