बोटीची खोड

उत्तमराव आमच्या घरी आले की आधी खुर्ची उलटी करतात. पाय हलवून बघतात, खिळ्यांवरून अंगठा फिरवतात, मग सुलटी करून बसतात. चौदा वर्षं तीच खुर्ची आहे आणि अजून एकदाही त्यांच्याखाली मोडलेली नाही, याचा त्यांना थोडा रागच असावा. चहाचा कपही उजेडाकडे धरून तडा शोधतात. माझ्या बायकोला हे फार आवडतं असं मी म्हणणार नाही.

वसमतमध्ये कुणाला बैलजोडी घ्यायची असली की उत्तमरावांना बाजारात सोबत नेतात. दात, खूर, शेपटीचा गोंडा बघून ते एका दमात खोडी सांगतात. मारका आहे, औताला बसतो, मागं सरत नाही. "गुण मंग सांगा, आधी खोड सांगा," हे त्यांचं पेटंट वाक्य. बैलांपुरतं ठेवलं असतं तर मी काही बोललो नसतो. पण ते ट्रॅक्टर बघायला जातात, भाड्याची घरं बघायला जातात, स्थळं बघायलासुद्धा जातात. शेजारच्या हट्टा गावच्या एका नवरदेवाला त्यांनी भर बैठकीत चालून दाखवायला लावलं होतं. नाव उत्तमराव, पण आयुष्यात कशाला उत्तम म्हणाले असतील तर शपथ.

त्यांची एकुलती एक लेक प्रज्ञा बोटी बांधायचं शिकली आणि मालवणला नोकरीला लागली. तिनं मागच्या वर्षी फोनवर सांगितलं की तिला एक जुनी, सव्वीस फुटी शिडाची बोट घ्यायची आहे आणि एकटीनं कोचीपर्यंत जायचं आहे. "बाबा, तुमी पास केली तरच घेते," असंही म्हणाली. झालं! हिंगोली जिल्ह्यात, जिथं समुद्र फक्त नकाशात निळा असतो, शिडाच्या बोटींचा एक जाणकार तयार झाला.

पुढच्या फोनला प्रज्ञा म्हणाली की बोटीला नांगर चांगला जड आहे. उत्तमराव गल्लीभर सांगत सुटले की विकणारा बोटीबरोबर पोरीच्या गळ्यात नांगरही मारून राहिला. "समुद्रात नांगर काहून? तिथं काय हळद लावायची हाय?" मी शब्दकोश काढून दाखवला की बोट जागेवर धरून ठेवणाऱ्या लोखंडी आकड्यालाही नांगरच म्हणतात. त्यांनी शब्दकोश उलटासुलटा केला आणि शिवण ढिली आहे म्हणाले.

शेवटी थंडीत आम्ही दोघं मालवणला गेलो. मला नेलं कारण बोटीचे कागद इंग्रजीत होते आणि मी शाळेत मास्तर, शिवाय गल्लीत त्यांना सहन करणारा मीच एक उरलो होतो. समुद्र त्यांनी जन्मात पहिल्यांदा पाहिला. पाणी लई हलतं, एवढंच म्हणाले.

आता हा माणूस चारचौघांत आपली शोभा करणार, अशी माझी खात्री होती. पण त्यांनी बोटीवर बोट ठेवलं. म्हणजे खरोखरच, बोटानं बोट ठोकत ते टोकापासून टोकापर्यंत गेले आणि खिडकीखाली थांबले. इथं पाणी मुरलंय, म्हणाले. प्रज्ञानं फळी काढली तर आत ओलं. इंजिन तिसऱ्या झटक्याला सुरू होतं, हीही खोड निघाली. आत ताठ उभं राहता येत नाही, हे त्यांच्या कपाळाला कळलं. गुणही त्यांनी नाइलाजानं कबूल केले. डोलकाठी सरळ आहे, दोर दमदार आहेत, आणि पोटाखाली वजन असल्यानं कलली तरी आपली आपण उभी राहते. नांगर मात्र त्यांनी हातात घेऊन बघितला. त्याला चक्क फाळ होता. हा चिखलात धरेल, दगडगोट्यात धरणार नाही, तेव्हा मुक्काम बघून कर, असं त्यांनी लेकीला बजावलं. विकणारा म्हातारा खलाशी आदरानं उठून उभा राहिला.

मग प्रज्ञा आम्हा सगळ्यांना बसवून बोट खाडीत घेऊन गेली. उत्तमराव म्हणाले, मागं घे. तिनं मागं घ्यायला घेतली तर बोट सरळ येईना, शेपूट भलतीकडंच वळवू लागली. खलाशानं सांगून टाकलं की तळाला असा लांब कणा असलेल्या बोटी सरळ मागं येत नाहीत, ही जन्माची खोड. प्रज्ञाचा चेहरा पडला. मागं न सरणारा बैल बाबा सरळ नापास करतात, हे तिला लहानपणापासून ठाऊक.

उत्तमरावांनी दोन्ही हात बोटीच्या काठावर टेकले. मग पाण्याकडं बघत बोलले.

"लेकरा, सतरा खोडी काढल्या म्या. बाकीच्या दुरुस्त व्हत्यात. पण ही मागं येत न्हाई. तुही माय गेल्यापासून घरात मी एकटा हाय. मला भ्या त्याचंच हाय."

एवढ्या वर्षांत मी त्यांच्या तोंडून स्वतःची खोड पहिल्यांदा ऐकली. त्या सतरा खोडी बोटीपेक्षा त्यांच्या भीतीच्याच होत्या.

प्रज्ञा म्हणाली, "मागं येत न्हाई बाबा. पण वळून येती." आणि तिनं सुकाणू दाबून मोठा वळसा घेतला, आणि बोट निघालेल्या जागी आणून उभी केली.

"मंग घे," उत्तमराव म्हणाले.

ती निघाली त्या दिवसापासून ते रोज संध्याकाळी आमच्याकडे यायला लागले. खुर्ची न बघता बसायचे, चहा न बघता प्यायचे आणि विचारायचे, "मास्तर, वळली का?" मी तिचा मेसेज वाचून सांगायचो की अजून जातेच आहे. ते मान हलवायचे. मला त्या दिवसांत त्यांच्या तोंडून खोडी ऐकायची फार इच्छा व्हायची.

परवा मेसेज आला की ती कोचीहून परत निघाली. मी म्हटलं, वळली. उत्तमराव उठले, खुर्ची उलटी केली आणि तिच्याआड तोंड घालून बराच वेळ तपासत राहिले. मग नाक ओढून म्हणाले, "एक खिळा ढिला झाला हाय, मास्तर."