भिकनभाऊंची तबकडी-परीक्षा

आमचे शेजारी भिकनभाऊ गाण्याची तबकडी विकत घेण्यापूर्वी ती डोळे मिटून हुंगतात. देवावरचे फूल नाकाशी न्यावे तितक्याच भक्तिभावाने. जुन्या तबकड्यांच्या दुकानाचे शेठ एकदा त्यांना म्हणाले, "काका, रेकॉर्ड नाकथी सांभळो छो के?" म्हणजे, नाकाने ऐकता की काय?

भाऊ शांतपणे उत्तरले, "नकली मालले नवी चप्पलना वास येस, शेठ!"

मूळचे खानदेशातील हे गृहस्थ सचिन या गुजराती गावातील एका कापड कारखान्यात ताग्यांतील दोष शोधण्याचे काम करीत. त्यांना निवृत्ती मिळाली. त्यांच्या दृष्टीस ती अद्याप मिळालेली नाही. आमच्या कोसाडच्या वसाहतीत माझ्याकडील सत्यनारायणाचा प्रसादसुद्धा ते उजेडाकडे धरतात आणि "पास शे" असा निर्णय देऊनच ग्रहण करतात. प्रारंभी मला हे अप्रशस्त वाटे. आता त्यांनी पास केल्यावाचून मलाच शिरा गोड लागत नाही.

तबकडीची परीक्षा याहून कठोर. मधल्या कागदी चकतीवरील अक्षरे फुटकी तर नाहीत ना, चकतीलगतच्या गुळगुळीत भागात क्रमांक कोरलेला आहे ना, हे ते भिंगाने पाहतात. तोवर शेठजींचा चहा होतो, क्वचित जेवणही.

एवढ्या खटाटोपाचे कारण एकच तबकडी होती. वत्सलावहिनी, म्हणजे भाऊंच्या पत्नी, विवाहापूर्वी गावच्या भजनी मंडळात होत्या; त्या मंडळाने एका तबकडीत मुख्य गायकास साथ केली होती. गळ्याच्या शस्त्रक्रियेनंतर वहिनींचा आवाज गेला. आता त्या केवळ कुजबुजतात. भाऊंना तो आवाज पुन्हा ऐकावयाचा होता. परंतु आजवर हाती आलेल्या प्रती बनावट निघाल्या, झिजलेल्या कॅसेटवरून उतरविलेल्या. त्यांत गायक ऐकू येई. साथ मात्र शेजारच्या घरातील मिक्सरसारखी घरघरे.

परवा भाऊ माझ्या दारात उभे राहिले. चेहरा उतरलेला.

"गुरुजी, चला. शेठनी एक प्रत दिधी. मना कानवर मना इस्वास नही."

"वास घेतलात?"

"घिदा. पन धीर व्हत नही."

त्यांच्या घरी जाऊन तबकडीवर सुई मीच ठेवली. गायकाने पहिले चरण म्हटले, मागून साथ उमटली, स्वच्छ आणि अनेककंठी. भाऊ श्वास रोखून बसले होते. दुसऱ्या कडव्यास एक कोवळा आवाज सर्वांच्या आधीच सुरू झाला, क्षणभर एकटाच धावला आणि लाजून गप्प बसला.

स्वयंपाकघराच्या दारात वहिनींनी तोंडावर पदर घेतला. "अग माय!" त्या कुजबुजल्या, "मनी घाई व्हई गयी व्हती. बंद करा, लोके हासतीन."

भाऊंनी मोठा निःश्वास सोडला. मलाही इतके हायसे वाटले की मी मनोमन देवास हात जोडले. खोट्या प्रतींत ही चूक कोणास ऐकू आली असती?

"बंद करा ना!" वहिनी पुन्हा म्हणाल्या.

भाऊंनी सुई उचलली आणि आरंभाशी ठेवली. दुसरे कडवे आले. तो कोवळा आवाज पूर्वीसारखाच आधी धावला. आणि ज्यांना मी कधी आरतीतही गाताना ऐकले नव्हते, ते भाऊ त्याच्याबरोबर घोगऱ्या, बेसूर स्वरात धावले. चूक आता दोघांची झाली होती.

वहिनींनी तोंडावरचा पदर काढला.