आर्डिस क्विम्बी यांची पडताळणी

आमच्या घरी मूल जन्माला येणार असल्याचं माझ्या बायकोनं, नोरीननं सांगितलं, तेव्हा मला आनंद झाला आणि त्याच्या पाठोपाठ, ती प्रसूती करण्यास अधिकृत कोण, हा प्रश्न पडला. आनंद मी नोरीनला दाखवला. प्रश्न त्या संध्याकाळपुरता मनात ठेवला.

मी वेंडल हूपर, आमच्या काउंटीचा वजनमापं निरीक्षक. पेट्रोल पंपावर, किराणा दुकानातल्या तराजूवर, धान्याचे ट्रक तोलायच्या काट्यावर जो पिवळा स्टिकर दिसतो तो मी लावलेला असतो. स्टिकर नसेल तर पंपातून पेट्रोल येत असलं तरी ते आलं असं मी मानत नाही. आमच्या पेटन फॉल्स गावचे लोक यामुळे मला जरा टाळतात, पण त्यांच्या टाक्या बरोबर भरतात.

नोरीनचं मात्र आधीच ठरलं होतं. "मला आर्डिसबाई हव्यात," ती गावातल्या सुईणीचं नाव घेऊन म्हणाली. "माझ्या बहिणीचं काय झालं ते मी पाहिलंय. शहरातलं एवढं मोठं हॉस्पिटल, आणि दर थोड्या वेळानं नवा माणूस यायचा, यंत्राकडे बघायचा आणि जायचा. बाळ आलं तेव्हा खोलीतल्या एकालाही तिचं नाव ठाऊक नव्हतं. मला एक ओळखीचा चेहरा हवा, वेंडल. पहिल्यापासून शेवटपर्यंत तोच. बाकी काही मागत नाही मी."

मागणी वाजवी होती. मी म्हणालो, "बघतो."

"बघू नकोस. फोन कर."

मी आधी बघितलं. आमच्याकडे सुईण म्हणवणाऱ्या बायका अनेक प्रकारच्या असतात. काही दुसऱ्या सुईणीच्या हाताखाली शिकलेल्या, काहींचं रीतसर शिक्षण झालेलं पण त्या नर्स नव्हेत, आणि काही तर सुईणीही नव्हेत, त्या पाठ चोळतात आणि मेणबत्ती लावतात. या सर्वांहून वेगळी ती प्रमाणित नर्स-सुईण. ती आधी नर्स होते, मग विद्यापीठात प्रसूतिशास्त्र शिकते, मग देशपातळीवरची परीक्षा देते, मग राज्याचा परवाना काढते, आणि हे सगळं वेळोवेळी ताजं करत राहते. तिच्या नावापुढे इतकी अक्षरं लागतात की मूळ नाव शोधावं लागतं. हा प्रकार मला मनापासून आवडला. आर्डिस क्विम्बी या प्रकारात मोडत होत्या. मोडतात असं निदान लोक म्हणत होते.

मी विमा कंपनीला फोन लावला.

"आर्डिस क्विम्बी आमच्या यादीत आहेत," पलीकडची मुलगी म्हणाली.

"उत्तम."

"पण त्यांचं क्लिनिक यादीत नाही. म्हणजे बाई चालतील, सर. इमारत चालणार नाही."

"मग त्यांनी बाळंतपण कुठं करायचं?"

"यादीतल्या इमारतीत. आहे की, तुमच्याच गावात. मेपल स्ट्रीटच्या कोपऱ्यावर."

मेपल स्ट्रीटच्या कोपऱ्यावर डोनटचं दुकान आहे. तिथला तराजू मीच तपासतो, तो बिनचूक आहे. मी तसं तिला सांगितलं. ती म्हणाली, तक्रार नोंदवून घेते, पण निकाल लागेपर्यंत आमच्या दृष्टीनं ते प्रसूतिगृहच.

आर्डिसबाईंचं क्लिनिक पशुखाद्याच्या दुकानामागे आहे, तिथं आम्ही दोघं गेलो. बाई साठीच्या पुढच्या, आडव्या बांध्याच्या, आणि बोलायला फटकळ. इमारतीचा घोळ ऐकून त्या म्हणाल्या, "मग घरीच करू. तुमचं घर कुणाच्या यादीत नाही ना?" नोरीन हसली. तिला इतकं मोकळं हसताना मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. त्या दोघी बोलत बसल्या आणि मी भिंतीवर चौकटीत लावलेल्या प्रमाणपत्रांपाशी गेलो.

"काय शोधतोयस, वेंडल?"

"मुदत."

"पदवीला मुदत नसते. परीक्षेची हवी असेल तर खाली उजव्या कोपऱ्यात बघ. चष्मा देऊ?"

मी चष्मा घेतला.

"तुझ्या वेळी तुझ्या आईनं मला इतक्या शिव्या दिल्या," त्या म्हणाल्या. "पायाळू होतास. तेव्हापासून उलटाच आहेस."

"याला काही कागदोपत्री आधार?"

"तू उभा आहेस ना समोर."

एका नमुन्यावरून निष्कर्ष काढता येत नाही, असं मी नम्रपणे सांगितलं. नोरीननं डोळे मिटून घेतले.

घरी येऊन मी इंटरनेटवरची मतं वाचली. बहुतेकींनी आर्डिसबाईंना भरभरून तारे दिले होते. एकीनं मात्र एकच तारा देऊन खाली लिहिलं होतं, 'दुखलं.' तक्रार गंभीर होती. मी बाईंना फोन करून खुलासा मागितला. त्या म्हणाल्या, "खरं आहे," आणि फोन ठेवला.

इथवर सगळं समाधानकारक होतं. मग त्यांच्या परवान्याचे कागद चाळताना मला एक करार सापडला. आमच्या राज्याच्या नियमाप्रमाणे नर्स-सुईणीला काम करायचं तर एका डॉक्टरबरोबर लेखी करार लागतो. नियमात डॉक्टर असं म्हटलंय, कशाचा डॉक्टर ते म्हटलेलं नाही. आमच्या काउंटीत डॉक्टर एकच, ग्रोव्हर प्लंकेट, आणि ते त्वचारोगतज्ज्ञ. म्हणजे आर्डिसबाईंनी बाळाला जगात आणायचं, आणि जगात आल्यावर त्याला पुरळ उठलं तर डॉक्टरांनी बघायचं. व्यवस्था सुरेख होती. फक्त नूतनीकरणाचा रकाना कोरा होता. करार चालूच आहे असं समजून दोघंही वर्षानुवर्षं निवांत होते, आणि गावात मुलं जन्मत होती.

दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. मी परवाना मंडळाला लिहिलं. तक्रार म्हणून नव्हे, केवळ स्पष्टीकरणासाठी. पंपवाल्यांनाही मी हेच सांगतो. नोरीनला काही बोललो नाही, कारण मंडळाकडून सगळं ठीक असल्याचं उत्तर आलं की तिला दाखवावं आणि तिनं खूश व्हावं, असं माझ्या मनात होतं.

उत्तर आलं ते नोव्हेंबरात, नोरीनचे दिवस भरत आलेले असताना, एका शुक्रवारी. कराराचं नूतनीकरण होईपर्यंत आर्डिस क्विम्बी यांनी कोणत्याही गर्भवतीला हात लावू नये, असं मंडळानं कळवलं होतं. माझ्या जागरूकतेबद्दल आभारही मानले होते.

नोरीननं ते वाचलं. "तू त्यांना लिहिलंस?"

"फक्त विचारलं."

"आत्ता? या दिवसांत?" तिनं माझ्यासमोर मॅकरोनीची बशी ठेवली आणि पाठ करून उभी राहिली. "एक चेहरा मागितला होता मी," ती म्हणाली.

मी शब्द दिला की सकाळी उठून पहिलं काम डॉक्टरांची सही. शब्द देताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली नाही. दुसऱ्या दिवशी हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू होत होता. त्या दिवशी आमच्या काउंटीतला प्रत्येक धडधाकट माणूस बंदूक घेऊन झाडावर दबा धरून असतो.

नोरीनच्या कळा सकाळी न्याहारीच्या वेळी सुरू झाल्या, त्याही चांगल्या जोरात. मी रुग्णवाहिकेसाठी फोन केला. रुग्णवाहिका होती. ती चालवणारे स्वयंसेवक झाडांवर होते. मी ट्रकची किल्ली घेतली, पण शहर लांब आणि नोरीन हलायला तयार नव्हती. "मक्याच्या शेतात बाळंत व्हायची हौस नाही मला," ती म्हणाली. तेवढ्यात दारात आर्डिसबाई उभ्या राहिल्या. नोरीननं परस्पर फोन केला होता. बाईंच्या हातात ट्यूना मासा आणि नूडल्सचं झाकलेलं भांडं होतं.

"मी पाहुणी म्हणून आलेय," त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. पलंगाशेजारच्या खुर्चीत बसल्या आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले.

"हात द्या ना, आर्डिसबाई," नोरीन कळ सोसत म्हणाली.

"देता येत नाही गं बाळा. नवऱ्याला विचार."

दोघींनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "आपत्काल असेल तर कुणीही मदत करू शकतं. तशी तरतूद आहे."

"मग हा आपत्काल आहे का?"

"ते जाहीर करायचा अधिकार मला नाही. तो परवानाधारक वैद्यकीय व्यक्तीला."

"म्हणजे मला."

"तुम्हाला सध्या नाही."

आर्डिसबाईंचा आवाज एकदम गोड झाला. "तर मग सहीवाचून गत्यंतर नाही, वेंडल. प्लंकेटचं मचाण ठाऊक आहे ना? नाल्यापलीकडच्या रानात. जा, पळ. पहिलटकरणीला वेळ लागतो."

"किती?"

"तू परत येशील तोवर लागेलच."

शिकाऱ्यांनी हरीण समजू नये म्हणून नारिंगी जाकीट चढवून मी निघालो. नाला ओलांडताना बुटात पाणी गेलं. डॉक्टर एका ओकच्या झाडावर मांडीवर बंदूक घेऊन बसले होते. मी हाक मारली तसं त्यांनी ओठावर बोट ठेवलं. पुढचं सगळं बोलणं कुजबुजत झालं.

"काय पाहिजे?"

"सही. कराराचं नूतनीकरण."

"कसला करार?"

"आर्डिसबाईंचा. तुम्ही त्यांच्या बाळंतपणांवर देखरेख करता."

"मी?" ते फांदीवरून वाकले. "मी उभ्या आयुष्यात बाळंतपण पाहिलेलं नाही."

"तशी अट नाही."

"बरं झालं," ते म्हणाले, आणि थर्मासची पिशवी दोरीनं खाली सोडली. मी कागद त्यात ठेवले. पिशवी वर गेली आणि थोड्या वेळानं त्यांचं डोकं पुन्हा दिसलं. "इथं साक्षीदाराची सही लागते."

"मी आहे ना."

"नवरा चालत नाही. हितसंबंध." डॉक्टर माझ्या मनासारखे निघाले. "पलीकडच्या झाडावर बँकेतला डेल आहे. त्याला विचार. पण हळू चाल, तासाभरापासून एक नर येऊ का नको करतोय."

डेल म्हणाला, सही करेन, पण डॉक्टर सही करताना मला दिसले पाहिजेत. मी त्याचं अभिनंदन केलं. डॉक्टर दिसावेत म्हणून तो एक फांदी वर चढला. डॉक्टर सही करायला लागले, तेवढ्यात झुडपात ते हरीण आलं. मग आम्ही तिघंही श्वास रोखून थांबलो. डॉक्टरांनी झाडलेली गोळी चुकली आणि हरीण पळालं. सही मात्र झाली, तारखेसकट, साक्षीदारासकट. मी कागद जाकिटात कोंबले आणि धावत सुटलो. इतका स्वच्छ कागद माझ्या हाती क्वचितच आला असेल.

घरात शिरलो तेव्हा आर्डिसबाई खुर्चीत बसून स्वतःच आणलेले नूडल्स खात होत्या. नोरीनच्या कुशीत टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी लालसर होतं आणि ते जांभई देत होतं.

"मुलगी," नोरीन म्हणाली.

"प्रसूती कुणी केली?"

"मी केली. बाकी कुणी करतं का?"

"म्हणजे, उपस्थित कोण होतं?"

"एक पाहुणी," आर्डिसबाई म्हणाल्या. "मी हवापाण्याच्या गप्पा मारत होते."

पाहुणीच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या होत्या. मी ते पाहिलं. कुठं लिहिलं नाही. मी कागद पुढे केले. "सही आणलीय."

"ठेव तिथं," नोरीन म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं वाटलं असतं. "सही नको होती रे आम्हाला. तू घरात नको होतास. तू असतास तर त्यांना हात मांडीखालून काढता आले नसते."

मला वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू, फार वाईट वाटलं. माझ्या मुलीनं पहिला टाहो फोडला तेव्हा मी झाडाखाली उभा राहून एका हरणासाठी श्वास रोखून धरला होता. करार आता पूर्ण वैध होता आणि करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मुलीला तपासायला शहरातल्या हॉस्पिटलात नेलं. तिचं नाव मेबल ठेवलंय. निघताना आमच्याकडे एक रिवाज आहे. गाडीतली बाळाची सीट एक प्रमाणित बाई तपासते आणि मगच जाऊ देते. त्या बाईंनी सीट हलवून पाहिली, तिचा कोन मोजला, पट्टे खेचले, एक पट्टा काढून पुन्हा लावला आणि शेवटी सीटवर स्टिकर चिकटवला. तो हिरवा होता, पण मला धीर आला. मग त्यांनी मेबलला आत ठेवलं आणि हात हलवला.

"झालं?" मी विचारलं.

"झालं."

"आणि आमचं?"

"तुमचं काय?"

"आमची तपासणी. माझी आणि हिची. आम्ही हे मूल घरी न्यायला पात्र आहोत का, हे कोण बघतं?"

बाईंनी नोरीनकडे पाहिलं. "पहिलंच आहे," नोरीन म्हणाली. मेबलविषयी म्हणाली की माझ्याविषयी, ते मी विचारलं नाही. बाईंनी सीट पुन्हा एकदा हलवून पाहिली. "सीट पक्की आहे, सर," त्या म्हणाल्या. "गाडी काढा, मागे रांग लागलीय."

तेव्हापासून मी शोधतोय. परवाना मंडळ म्हणतं, वडील हा आमचा विषय नाही. विमा कंपनी म्हणते, वडील यादीत आहेत, पत्ता मेपल स्ट्रीट. मेबल रडते तेव्हा मी तिला आडवी धरतो, नोरीन येऊन उभी धरते, आणि दोघांपैकी कोण बरोबर हे सांगायला कुणीही अधिकृत माणूस येत नाही. मी हे काम विनापरवाना करतोय, आणि ते सबंध काउंटीत कुणालाच खटकत नाही.

तुमच्याही घरात मुलं असतील. तुम्हाला परवाना कोणत्या कार्यालयानं दिला आणि त्याची मुदत कधी संपली, तेवढं कळवावं. तक्रार म्हणून नव्हे, केवळ स्पष्टीकरणासाठी.